हुंगलेल्या मोगऱ्याची परडी

एका राज्यात वसंत आला की लोक खिडक्या लावून घेत. बाहेर पळस पेटे, पांगारा लालेलाल होई, मोहोर दरवळे. आणि माणसं भिंतीकडे तोंड करून बसत. कारण तिथे काळजंभ नावाचा मांत्रिक होता. चैत्र लागला की तो तीन माणसांची फुलं करी, सूर्य बुडताना खुडी आणि पाठीवर वागवलेल्या काळ्या देवीला वाही. वाहिलेलं माणूस परत येत नसे.

गेल्या चैत्रात त्या तिघांत सगुणेचा नवरा गेला. घरात उरल्या दोघी, ती आणि सासू तुळजाक्का. सासूची जीभ म्हणजे लवंगी मिरची. सुनेला खोड एकच, फूल दिसलं की नाकाला.

"अगं सटवे, हुंगलेलं फूल उष्टं! देवाला चालतं का?"

"देवाला पुष्कळ आहेत, आत्याबाई."

यंदा चैत्र लागला त्या सकाळी सगुणा उठली तो सासूचं अंथरूण रिकामं. सिंहासन रिकामं, कोतवालाची चौकीही रिकामी. ती उंबऱ्यावर बसली. कौलावरून साळुंकी बोलली, "तिघंही गावातच आहेत, झाडांवर. सूर्य बुडायच्या आत ओळख, हाक मार, सुटतील. चुकलीस तर तूही फूल."

"मग गेल्या वर्षी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तुमची खिडकी बंद होती."

सगुणा उठली. पदर खोचला, निघाली.

वेशीवर पळस. सगळी फुलं वाऱ्यासंगे डोलत होती, एकच ताठ. तिने हुंगलं. वासाच्या नावाने शून्य, नुसता तोरा.

"महाराज!"

राजा धप्पकन खाली पडला आणि म्हणाला, "मुकुट कुठे आहे?" असो, राजेच ते.

चौकीमागे काटेसावर. सगळी फुलं पाखरांना मध पाजत होती. एक मात्र मिटून बसलेलं, थेंब देईना.

"कोतवालसाहेब!"

कोतवाल काटेरी बुंध्यावरून घसरत आला. पुढे महिनाभर त्याला बसता येईना, का ते विचारू नका.

उरली सासू. सगुणा धावत घरी आली, तर अंगणातला मोगरा ओरबाडलेला, आणि काळजंभ भरली परडी घेऊन उभा. सूर्य डोंगराला टेकलेला. परडीत सारी फुलं सारखी, सारीच पांढरी.

"ओळख," काळजंभ हसला. "हाक एकच मिळेल."

पाठीवरच्या देवीने जबडा उघडला. सगुणा परडीवर वाकली. कोणतं म्हणावं? आणि तिच्या कानांत सासूची रोजची शिवी घुमली.

तिने परडीत तोंड खुपसलं आणि ऊर फुटेस्तोवर श्वास ओढला.

"हे काय केलंस?" काळजंभ किंचाळला.

"हुंगली, बाबा. सगळी. वाहा आता."

सूर्य बुडाला. देवीने उष्टं शिवलं नाही. भूक तर लागलेली. तिने काळजंभालाच गिळलं आणि तिचा दगड झाला.

मंत्र तुटला, आणि अंगणात तुळजाक्का उभी होती, केसांत पाकळ्या.

"हुंगलंसच ना शेवटी?" मग आवाज खाली आला. "आणि माझा लेक?"

सगुणेने मान खाली घातली.

म्हातारीने पडलेलं एक फूल उचललं, देवघराकडे वळली, थांबली. ते नाकाशी धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

"त्याला आवडायचा," ती म्हणाली. "घे, तूही घे. देवाला उद्या नवी उमलतील."

त्या संध्याकाळी राज्यातल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. परडी सरली, कहाणी सरली. ज्याच्या नाकाला वास उरला, त्याच्या घरी वसंत उरला.