चांदीच्या राज्यातलं घरभाडं

शिरलात का सगळी पांघरुणात? मग ऐका.

एकदा काय झालं, घाटाच्या अलीकडं एक राज्य होतं आणि पलीकडं दुसरं. अलीकडच्या राज्यात येसू आणि तिचा नवरा केरोबा घोंगड्या विणायचे. पोटी एकच लेक, चिमी. एका साली मेंढ्यांवर रोग आला. लोकर संपली, माग थांबला, चूल थंडावली. तेवढ्यात कुणीतरी सांगत आलं, "पलीकडच्या राणीला विणकर हवेत. इथं घोंगडीला तांब्याचा पैसा, तिथं चांदीचा रुपया!"

मग तिघं घाट ओलांडून गेली. आणि खरंच, बरं का, राणीनं माग दिला, लोकर दिली, येसूची ओंजळ रुपयांनी भरली. ती हरखली. मग घर बघायला गेली. घर एका म्हातारीचं होतं. येसूनं रुपये पुढं केले, तर म्हातारीनं बघितलंसुद्धा नाही.

"चांदी इथं वाळूसारखी पडलीय, बाई. भाडं म्हणून झोप दे."

येसू दचकली. केरोबा म्हणाला, "माझी घ्या." म्हातारीनं मडकं पुढं धरलं आणि त्याची झोप त्यात गेली.

मग दाणे हवे झाले. दुकानही म्हातारीचंच; फळीवर गावातल्या साऱ्यांची अशीच भरलेली मडकी. तिनं गाणं मागितलं. केरोबा मागावर बसला की गायचा ना, ते गाणं मडक्यात गेलं. घरात रुपये साठत गेले आणि माग नुसता खटखट वाजत राहिला. केरोबाचे डोळे खोल गेले.

"तिकडंच बरं होतं का गं?" तो म्हणाला.

"तिकडं पोर उपाशी होती," येसू म्हणाली.

मग थंडी आली. सरपण हवं झालं. म्हातारीनं चिमीकडं बोट केलं. "हिचं हसू दे."

येसूनं लेकीला पाठीशी ओढलं. "ते नाही मिळायचं!" रागानं तिनं म्हातारीकडं बघितलं, तर म्हातारीचेच डोळे जागून लालभडक.

"आजी, एवढ्यांच्या झोपा घेतल्यात. तुम्हाला लागते का एखादी?"

म्हातारी हळूच म्हणाली, "दुसऱ्याची झोप डोळ्यांत उतरत नाही गं. वाटतं, पुढची तरी उतरेल."

येसू खाली बसली. म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं, अंगावर घोंगडी घातली आणि थोपटायला लागली.

"याचं काय घेशील?"

"काही नाही. पडा तुम्ही."

त्या राज्यात असं कुणी कुणाला म्हटलंच नव्हतं. म्हातारीचा डोळा लागला. भर दुपारी ती घोरायला लागली. मग मडक्यांची तोंडं उघडली आणि ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या घरी गेलं.

केरोबा पोटभर झोपला. उठल्यावर येसूनं रुपयांची पिशवी त्याच्या हातात दिली. "इथं यांना कुणी विचारत नाही. आपल्याकडं यांच्या मेंढ्या येतील."

मग तिघं घाट उतरून घरी आली. मेंढ्या घेतल्या, माग लावला आणि सुखानं राहिली. केरोबाचं गाणंही परत आलं. पण मधली एक ओळ कुठं सांडली, कोण जाणे. तिथं आला की तो नुसता गुणगुणतो, आणि येसूचा हात क्षणभर थांबतो.

चला, दिवा घालवते. मिटा डोळे.