अडलं रे!

एका नदीकाठच्या गावात एक म्हातारा सुतार होता. त्याच्या कारखान्यात ठोकाठोकीपेक्षा आरडाओरडाच जास्त. कुणा कारागिराचा सांधा बसेना झाला की तो ओरडायचा, "अडलं रे!" लगेच बाकीचे करवती टाकून धावायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला तो गोंधळ वाटे. सुताराला मात्र ती सगळी आपली लेकरंच वाटत, म्हणून तो हसून सोडून देई.

एका वर्षी उंचवट्यावरच्या वाडीची विहीर आटली. नदीचं पाणी वर चढवणारा रहाट हवा होता, तोही ऊन तापायच्या आत.

सुताराने डोकं लढवलं. कारखान्याच्या मधोमध सतरंजी टांगली आणि माणसांचे दोन गट केले. "दोघांनीही रहाट करा. ज्याचा चांगला, तो वाडीला. जिंकणाऱ्यांना फेटे!"

हात सपासप चालू लागले. सुतार खूश झाला. पण थोड्याच दिवसांत त्याला जेवण गोड लागेना. कारखाना अगदी गप्प झाला होता. अडलं म्हणावं तर सतरंजीपलीकडे ऐकू जाणार, मग ओरडणार कोण?

परीक्षेच्या दिवशी वाडीतल्या बायका घागरी घेऊन आल्या. पहिला रहाट झोकात फिरला, पण त्याची गाडगी वाटेतच सांडली. दुसऱ्याची गाडगी काठोकाठ भरून वर आली आणि त्या भाराने त्याचा कणा कडाडकन मोडला.

"आमचा कणा चिवट बाभळीचा आहे. विचारलं असतंत तर सांगितलं असतं!" पहिला गट म्हणाला.

"मग गाडगी कशी बांधायची, ते तुम्ही तरी विचारलंत का?"

चांगलीच जुंपली. वाडीतली एक आजी घागर पालथी घालून तिच्यावर बसली. "तुमचं भांडण संपलं की हाक मारा, बाबांनो. घरी म्हशी तहानल्यात."

सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सतरंजी त्यानेच तर टांगली होती. तो रहाटापाशी गेला आणि पोटातून ओरडला, "अडलं रे! माझंच अडलं!"

भांडण तोंडातच राहिलं. सवयीचे पाय, ते धावलेच. दिवेलागणीच्या आत पहिल्यांच्या रहाटावर दुसऱ्यांची गाडगी चढली, आणि वाडीच्या पाटाला पाणी लागलं. आजीने घागर सुलटी केली.

सुताराने सतरंजी काढून नदीकाठी अंथरली. सगळे तिच्यावर दाटीवाटीने बसून जेवले. फेट्यांची आठवण कुणालाच झाली नाही.

तात्पर्य: चुरशीने हात वेगाने चालतात, पण 'अडलं' म्हणायची चोरी झाली, की काम खरोखरच अडतं.