चिमाईचा पार

हळू चढा जरा, मला दम लागतो. हा बघा पार. एवढा रुंद, वर वडाची सावली, पण भांडण मिटवायला आलेले पंच यावर टेकत नाहीत. ते उन्हात उभे राहतात आणि भांडणारे सावलीत बसतात. असं का, हे दर पाहुण्याला सांगून मी थकलोय. तरी ऐका.

पूर्वी परगण्याचे तुकडे असत, त्यांना तर्फ म्हणत. आमच्या तर्फेतल्या गावांचे पाटील या पारावर जमून न्याय करायचे. ती गोतसभा. पाटील सावलीत बसायचे आणि फिर्याद करणाऱ्यानं निकाल होईस्तोवर समोर उन्हात उभं राहायचं, असा दंडक. बसला की फिर्याद बुडाली.

चिमाई नावाची विधवा होती म्हणे. तिच्या नवऱ्याचा मळा दिरानं, रायाजीनं, दाबला होता. मळा गेला तर पोरांना घेऊन कुठे जायचं, हाच तिला घोर. चैत्राच्या उन्हात ती इथे येऊन उभी राहिली. साक्षी झाल्या. मळा तिचाच, हे शेवटी रायाजीही नाकारीना. आता पाटलांनी विडे घेऊन निकाल सांगायचा, एवढंच उरलं.

पण पहिला विडा कुणाचा? कोळवडीचा पाटील म्हणे, मान माझा. शेंदरीचा म्हणे, आजोबांपासून आमचा. झालं! दोघंही हटेनात. पाटलांची जेवणं झाली, काही जण आडवेही झाले, उठून पुन्हा तेच. एका म्हाताऱ्या पाटलाला राहवेना. तो तांब्या घेऊन तिच्याकडे गेला. उभ्यानं पाणी पिऊ नये, ही आमच्याकडची रीत.

"उभ्यानं कशी पिऊ, दादा?" ती म्हणाली. "तेवढा निकाल द्या."

उन्हं कलली तेव्हा कुठे दोघांना एकदम विडे द्यायचं ठरलं. निकाल झाला, मळा चिमाईचा. "बस आता, बाई," पाटील म्हणाले. ती पाराला टेकून बसली. कुणी पाणी पुढे केलं, तर घ्यायला जीवच उरला नव्हता.

मळा पोरांना मिळाला. त्या दोघांचे विडे पारावरच सुकले, असं सांगतात.

तेव्हापासून इथे पंच उभेच राहतात. परवा दोन भावांच्या बांधापायी मीही उभा होतो. माझे पाय भरून आले. धाकटा म्हणाला, "आबा, बसा की."

म्हटलं, "तुमचं मिटू दे, मग बसतो."

दोघं माझ्या पायांकडे बघत राहिले. मग थोरल्यानं बांध सोडला.