जोखलेलं पाणी

“भागलेली तहान मापात घालून दाखव! नाहीतर पाणपोई बंद!”

राजा उदेभानाचा हा हुकूम ऐकून ठकी बघतच राहिली. तहान म्हणजे काय जोंधळे आहेत, मापात घालायला?

झालं होतं असं. खिंडीच्या वाटेवर दोन पाणपोया होत्या. पायथ्याची गोंदोबाची आणि अर्ध्या चढावरची वाडीतल्या चार बायकांची. दोन्हींना राजाच्या कोठारातून धान्य मिळे. यंदा कोठारात धान्याची तूट आली, तेव्हा राजा म्हणाला, “जी चांगली चालते तेवढीच ठेवा.” चांगली कोणती, हे ठरवायचं काम आलं मोजोपंत कारभाऱ्यांकडे. पंतांनी डोकं खाजवून माप काढलं: संध्याकाळी ज्याचा रांजण रिकामा, त्याची पाणपोई अव्वल! आता गोंदोबाच्या रांजणात रोज ठणठणगोपाळ, आणि बायकांच्या रांजणात दिवेलागणीलाही पाणी. निकाल लागला! गोंदोबा हा पंतांचा सख्खा मेहुणा होता, हा आपला निव्वळ योगायोग.

बायकांच्या रांजणात पाणी उरे ते चौघींतल्या पारूआत्यामुळे. तिचा भाऊ, म्हणजे ठकीचा बाप, भर वैशाखात त्याच चढावर पाण्यावाचून कोसळला होता, तो उठलाच नाही. तेव्हापासून आत्यानं तिथे रांजण मांडला आणि एक नेम केला. रांजणाचा तळ वाटसरूला दिसता कामा नये. शेवटी येणाऱ्यालाही घोटभर मिळालंच पाहिजे. चौघी दिवसभर झऱ्यावर खेपा घालत आणि रांजण भरलेला ठेवत. ठकी त्या रांजणापाशीच लहानाची मोठी झाली. पाणपोई बंद होणार म्हटल्यावर बाप दुसऱ्यांदा जातोय असंच तिला वाटलं, आणि ती तडक दरबारात येऊन राजाशी भांडली होती.

“कळलं का?” राजा गुरगुरला. “नुसतं ‘लोकांची तहान भागते’ म्हणून चालायचं नाही! भागलेली तहान मला दिसली पाहिजे!”

“दावते म्हाराज,” ठकी म्हणाली, “पर ती दरबारात न्हाई दिसायची. तुमाला वाटंवर यावं लागंल.”

“येतो की! घोडा काढा रे!”

“घोड्यावर आलात तर तहान घोड्याला लागंल. पायी या! आन् न्याहारी आमच्याकडं करा.”

दरबारात खसखस पिकली. मोजोपंतांनी नाक मुरडलं. पण राजा पडला हट्टी. “येतो, पायीच येतो! पण तहान दिसली नाही तर?”

“तर रांजण म्या माज्या हातानं फोडीन,” ठकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर राजा आणि पंत पायथ्याअलीकडच्या वाडीवर आले. ठकीनं पानं वाढली. खरपूस भाकरी, कोरडा झुणका आणि लसणाचा ठेचा. असा ठेचा, की राजाच्या कानांतून धूर निघायचा तेवढा बाकी राहिला!

“हाय हाय! पाणी!”

“पानी हितं कशापायी, म्हाराज? फुडं अव्वल पाणपोई हाय की!”

राजा लगबगीनं निघाला, मागोमाग पंत आणि ठकी. गोंदोबाची पाणपोई आली. रांजणाला हातभर चीर, आत थेंब नाही. खाली चिखल, चिखलात म्हैस, आणि बाजूच्या सावलीत गोंदोबा घोरत पडलेला.

“पाणी आण!” राजा ओरडला.

गोंदोबा धडपडत उठला आणि हात जोडून म्हणाला, “महाराज, खुशाल आत बघा! दुपार व्हायच्या आतच रिकामा! दाजींचं माप आपण कधी चुकवत नाही!”

राजानं पंतांकडे पाहिलं. पंतांनी आभाळाकडे पाहिलं.

आता चढ सुरू झाला. ऊन मी म्हणत होतं. राजाची जीभ टाळ्याला चिकटली, पाय लटपटू लागले. अर्ध्या चढावर पोचला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. पारूआत्यानं रांजणात ओगराळं बुडवलं. तेवढ्यात ठकी लाकडी मापटं घेऊन पुढे झाली.

“थांब आत्या! म्हाराज, आधी ह्यात तुमची तहान घाला. किती भरतीया बघू!”

“मापटं घाल चुलीत!” राजा कसाबसा खेकसला. “आधी पाणी!”

त्यानं ओंजळ पुढे केली. आत्या ओतत गेली, राजा पीत गेला. दाढी भिजली, अंगरखा भिजला. मग त्यानं मान वर करून लांब श्वास सोडला. “हुश्श!”

“ही बघा म्हाराज! हीच!” ठकीनं टाळी वाजवली.

“कोण? कुठे?”

“भागलेली तहान! आत्ता तुमच्या तोंडातनं भाईर पडली न्हवं का, ‘हुश्श’ करून? हरेक वाटसरू हितं तीच ठिवून जातो. मापात मावंना, म्हनून तुमालाच घिऊन आले.”

राजानं भिजल्या दाढीवरून हात फिरवत मान डोलावली. पंत मात्र अजून हार मानायला तयार नव्हते. “पण महाराज, गोंदोबाचं पाणी खपत होतं, हे तर खरं ना?”

“खपत व्हतं की!” ठकी म्हणाली. “म्हशीला इचारा, किती गार वाटतं! पंत, गळतं भांडं म्हादेवाच्या पिंडीवर शोभतं, पाणपोईवर न्हाई!”

राजा पोट धरधरून हसू लागला. “वा गं पोरी! आम्ही तुझं पाणी जोखायला आलो, आणि तूच आमचं पाणी जोखलंस! आजपासून दोन्ही पाणपोयांचं धान्य तुम्हा चौघींना. आणि पंत, तुम्हाला मोजायची भारी हौस ना? मृग लागेपर्यंत झऱ्यावरून कावडीनं हा रांजण तुम्ही भरायचा!”

पंतांच्या तोंडचं पाणीच पळालं. “रोज कि... किती कावडी, महाराज?”

राजानं ठकीकडे पाहिलं. ठकीनं कावड पंतांच्या खांद्यावर ठेवली.

“मोजू नगा पंत,” ती म्हणाली, “निस्ता तळ दिसू दिऊ नगा!”

आणि राजाला हसता हसता असा ठसका लागला, की आत्याला पुन्हा ओगराळं बुडवावं लागलं.