काजळीनं पाठ फिरवली

घाटमाथ्यावरच्या रानात माणसाची कुऱ्हाड पोचली नव्हती, तेव्हा तिथे गव्यांचा एक कळप होता. काजळी त्याची म्होरकी. एका कडक उन्हाळ्यात तिच्या कानावर आलं, की पलीकडच्या खोऱ्यातला कळप सगळ्यांना विचारून वाट ठरवतो आणि त्यांचं एकही वासरू तहानेनं मरत नाही. काजळी मुद्दाम जाऊन बघून आली. तिथे संध्याकाळी सगळे गोल बसत, म्होरकी प्रश्न विचारी आणि चक्क पाठ फिरवून बसे. काजळीला सगळं पटलं. पाठ फिरवणं तेवढं उर्मटपणाचं वाटलं.

परतल्यावर तिनं आपल्या कळपाला गोल बसवलं आणि समोर उभं राहून मायेनं विचारलं, "बोला, पाण्याला कुठे जायचं? वरच्या डोहावर, की खालच्या झऱ्यावर?"

"डोहावर!" सगळे एका सुरात म्हणाले.

डोह कोरडा ठणठणीत निघाला. परतीच्या वाटेवर भुंडी नावाच्या गवीचं वासरू बसलं, ते उठलंच नाही.

"डोहाकडच्या वाऱ्याला पाण्याचा वास नव्हता. आम्हाला कळत होतं," भुंडी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"मावशी, विचारताना तुझी मान डोहाकडे वळली होती."

दुसऱ्या संध्याकाळी काजळीनं पुन्हा सगळ्यांना गोल बसवलं, प्रश्न विचारला आणि पाठ फिरवली. तिनं वळून पाहिलं नाही.

मग मागून भुंडी म्हणाली, "झऱ्यावर." दुसरी म्हणाली, "नको, तिथे वाघ बसतो." तिसरीनं तिला अडवलं. कळपात पहिल्यांदाच भांडण जुंपलं.

काजळी डोळे मिटून ऐकत राहिली.