चौदा गाड्यांची लढाई

“…पण बाबा, वर नुसती काच ठेवली तर गाड्यांना वाळू लागणार नाही. आणि खालची नदी काचेतून दिसतेच की. मग अडचण काय आहे?”

हेरंबने हे तिसऱ्यांदा विचारलं. मुक्ताजी दफेदार वाळू चाळत होते, आणि त्यांची चाळणी काही थांबली नाही.

“बाबा?”

“नदीवर काच असते का रे?”

 पुण्याहून येताना हेरंबने मापाने कापून आणलेली काच पडवीच्या भिंतीला टेकून उभी होती. ती तिथेच राहणार, हे त्याला कळून चुकलं.

मुक्ताजी निमसे म्हणजे भिंगारचे दफेदारबाबा. उभी जवानी रणगाडा चालवण्यात गेली. पेन्शनीत आल्यावर माणसं शेती बघतात, पोथी लावतात. यांनी काय करावं, तर एक जुनं दार आडवं टाकलं, चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या आणि त्यात वाळू भरली. फौजेत लढाईच्या आदल्या दिवशी साहेब वाळूत नदी करतात, टेकडी करतात, आणि जवानांना दाखवतात की उद्या तू इथून जायचंस. तीच रीत यांनी घरी आणली.

दर रविवारी सकाळी या वाळूवर खेळ चाले. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं, छोट्या गाड्या पुढे सरकवायच्या. नगरचे दोन मास्तर येत, एक दातांचे डॉक्टर येत आणि पुण्याहून हेरंब लिमये येई. दफेदारांच्या गाड्या म्हणजे खोक्याच्या फळीतून कापलेले लाकडी ठोकळे होते. त्यांना ना चाक, ना तोफ, पण त्या ठोकळ्यांपुढे आजवर कोणी टिकलं नव्हतं.

हेरंबचं प्रकरण वेगळं. त्याच्या घरी काचेच्या कपाटांत सहाशे चाळीस छोटी लष्करी वाहनं. जगात कुठल्याही कंपनीने नवीन मॉडेल काढलं की पहिल्या खेपेत ते याच्याकडे आलंच पाहिजे. कुठल्या रणगाड्याला किती चाकं, कुठल्या साली तोफेचं तोंड बदललं, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. बरं, सांगेल ते चूक नसे, म्हणून त्याला टोकायची सोय नव्हती.

खेळात मात्र तो हरायचा. मॉडेल वाळूला टेकू नये म्हणून जपून खेळणारा माणूस जिंकणार कसा?

आणि त्याला हवी होती एक लढाई.

दफेदारांनी वाळूवर शेकडो लढाया मांडल्या, पण स्वतःची एकदाही नाही. ते विशीत असताना एका पहाटे त्यांच्या तुकडीच्या चौदा गाड्या नदी ओलांडून गेल्या होत्या. पुस्तकांत त्या लढाईवर चार ओळी आहेत. बाकीची सगळी या म्हाताऱ्याच्या डोक्यात. हेरंबने दोन वर्षांपूर्वी ती मागितली, तेव्हा दफेदारांनी आधी वाळू सारखी केली होती. मग म्हणाले होते, “चौदा गाड्या आण. मांडून दाखवतो.”

आज हेरंब चौदा घेऊन आला होता. आणि उशीर करून चालणार नव्हतं, कारण येत्या गुरुवारी दफेदार कायमचे नाशिकला लेकीकडे निघाले होते. पडवीच्या कोपऱ्यात त्यांची काळी ट्रंक बांधून तयार होती. वाळूचं दार इथेच राहणार होतं. लढाई आज मिळाली तर मिळाली, नाहीतर ती ट्रंकेबरोबर जाणार.

“काढ तुझ्या गाड्या,” दफेदार म्हणाले.

हेरंबने पेटी उघडली. आत फोमच्या खाचांमध्ये काडेपेटीएवढे चौदा रणगाडे बसवलेले होते. तळहाताच्या फोडासारखे जपलेले. एकेकावर बारीक अक्षरात नंबर, दोऱ्याएवढी एरियल, मागे गुंडाळलेला दोर.

“दोन वर्षं लागली बाबा. तुमच्या तुकडीकडे जी होती ना, अगदी तीच बनावट. चौदावी मिळता मिळेना. कंपनीने मागच्या महिन्यात नव्याने काढली, तेव्हा कुठे…”

“दोन वर्षं?”

“हो.”

“मी चौदा आण म्हणालो होतो,” दफेदार म्हणाले. “काडेपेट्या चालल्या असत्या.”

हेरंबचा चेहरा पडला. दफेदारांनी ते पाहिलं असावं, कारण त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, “आणल्यास तर आणल्यास. दे, बघू.”

त्यांनी एक गाडी डोळ्यांजवळ नेली. पट्ट्यांवर, चाकांवर, पार वरच्या झाकणापर्यंत चिखल उडालेला होता.

“हा चिखल कुठला?”

इथे हेरंब खुलला. “तो रंगवलाय बाबा. तिथल्या मातीचे फोटो मिळवले. तीन रंगांची पावडर मिसळली आणि बारीक कुंचल्याने लावली. सुकलेला वेगळा, ओला वेगळा. ही जरा चकाकी दिसते ना, तो ओला.”

दफेदारांनी गाडी नाकाशी नेऊन वास घेतला.

“याला वास नाही.”

“नाही… रंगच आहे तो.”

“हं.” त्यांनी नखाने वरचं झाकण चाचपलं. “हे उघडतं?”

“नाही. चिकटवलंय. एवढ्या लहान मापात आत काही नसतंच, बाबा.”

दफेदारांनी गाडी हळूच खाली ठेवली. मग कितीतरी वेळ ते वाळू सारखी करत राहिले. हेरंबला वाटलं, झालं, आपण काहीतरी बोलून बसलो, आता हा माणूस ट्रंकेवर जाऊन बसणार आणि चहा पिऊन जा म्हणणार. 

पण दफेदारांनी बोटाने वाळूत नदी ओढायला घेतली.

अलीकडचा काठ झाला, पलीकडचा काठ झाला. मध्ये रुंद पात्र. पात्रात एक पांढरा सुती दोरा त्यांनी आडवा टाकला आणि शेजारी दुसरा.

“रात्रभर पोरांनी पाण्यात उतरून खुणेची पांढरी कापडी पट्टी बांधली होती. या दोन पट्ट्यांच्या मधून गेलं तर खाली जमीन घट्ट. पट्टी सोडली की…” ते थांबले. “तांब्या दे.”

हेरंबने कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या दिला. दफेदारांनी दोऱ्याच्या अगदी लगत बोटभर खड्डा केला आणि त्यात पाणी ओतलं. वाळूने ते पिऊन टाकलं. त्यांनी आणखी ओतलं. खड्ड्याच्या तळाशी पाणी साचून राहिलं आणि कडा मऊ झाल्या.

“लाव आता. एकामागे एक.”

“वाळूवरच?”

“वाळूवरच.”

हेरंबने मनावर दगड ठेवून एकेक रणगाडा दोऱ्यांच्या मध्ये ठेवला. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा ठेवताना खालचा पट्टा वाळूत खरवडला. पाचवा ठेवला.

“थांब. यातली तुझी लाडकी कोणती?”

“लाडकी?”

“सगळ्यात लाडकी.”

हेरंबने नव्याने आलेली चौदावी गाडी उचलली. तिच्यावर त्याने सर्वांत जास्त रात्री घालवल्या होत्या. तिच्या झाकणातून एक माणूस छातीपर्यंत बाहेर आलेला होता, भाताच्या दाण्याएवढा. त्याला डोळेसुद्धा काढले होते.

दफेदार त्या माणसाकडे बघत राहिले.

“ही सहावी,” ते म्हणाले. “तिच्या मागची सातवी माझी. मी चालक. चालकाला समोरच्या गाडीची पाठ दिसते, तेवढंच. बाकी लढाई बिढाई काही दिसत नाही.”

हेरंबने घाईघाईने वही उघडली. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते सुरू झालं होतं.

“पहिल्या पाच पार गेल्या. पलीकडून गोळे पडायला लागले होते. एक शेजारी पडला. सहावीच्या चालकाने गाडी जराशी डावीकडे घेतली. जराशीच. कोणीही घेतली असती.”

दफेदारांनी सहावी गाडी उचलली, दोऱ्याच्या पलीकडे नेली, आणि अंगठ्याने त्या ओल्या खड्ड्यात दाबली. चाकं गेली. पट्टे गेले. पाणी झाकणाच्या कडेपर्यंत आलं. वर तेवढा दाण्याएवढा माणूस राहिला.

“बाबा!”

हेरंबने वही टाकली, हात घातला आणि गाडी उपसून काढली.

डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं हे सगळं. गाडी त्याच्या मुठीत होती, कोपरापर्यंत ओघळ आले होते, आणि वाळूत रिकामा खड्डा होता. खड्ड्याच्या कडा ढासळून हळूहळू बुजत चालल्या होत्या.

दफेदार त्या खड्ड्याकडे पाहत होते. त्यांचा हात अजून पुढेच होता.

“रंग जाईल म्हणून मी…” हेरंब म्हणाला.

“काढलीस.”

“चुकलं बाबा. परत ठेवतो.”

“नको,” दफेदार म्हणाले. “राहू दे वर. निघाली ती निघाली.”

बाहेर रस्त्यावरून छावणीचा एक ट्रक गेला. पडवीचा पत्रा थरथरला आणि थांबला.

“हरिबा म्हणून होता,” दफेदार म्हणाले. “गाडीचा कमांडर. वडगावचा. आमचं एका ताटात जेवण. पाणी चालकाच्या झाकणावर गेलं की ते झाकण आतून उघडत नाही. कितीही जोर लावा… हरिबा वर उभा होता. त्याने उडी मारली असती तर वाचला असता. चार हातांवर पट्टी होती, मी होतो. माझ्या गाडीला दोर होता.”

हेरंब हातातल्या गाडीवर गुंडाळलेल्या दोराकडे बघत राहिला. तो त्याने तांब्याच्या तारेचा केला होता.

“आम्हाला हुकूम होता, कोणासाठी थांबायचं नाही. मागे सात गाड्या उभ्या होत्या. तरीही मी पाय उचलला. गाडी थांबवली मी. हरिबाने पाहिलं. त्याने मला हात केला, असा…” दफेदारांनी हात पुढे झटकला, जा, म्हणून. “आणि तो खाली वाकला. आत गेला. चालक आत होता ना.”

“…मग?”

“मग मी गेलो पुढे.”

 हेरंबला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. मग त्याने विचारलं, कारण त्याच्या हिशेबाने लढाई अजून सुरूसुद्धा झाली नव्हती.

“आणि बाबा… पलीकडच्या काठावर? तिथून पुढे तुम्ही शत्रूचं ठाणं कसं घेतलंत?”

“ते पुस्तकात आहे. चार ओळी.”

“पण उरलेल्या गाड्या मांडायच्या आहेत अजून. आठवी, नववी…”

दफेदारांनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी पात्रातले दोन्ही दोरे काढले, बोटावर गुंडाळले आणि ट्रंकेच्या कडीला बांधून ठेवले. तळहाताने त्यांनी वाळू सपाट केली. नदी गेली, काठ गेले. पाच गाड्या तेवढ्या उघड्या वाळूवर उभ्या राहिल्या.

खेळ संपल्यावर वाळू सारखी करायची, ही त्यांची नेहमीची रीत. म्हणजे आजचा खेळ संपला होता.

हेरंब पेटी भरायला लागला. पाच गाड्या उचलल्या, बाकीच्या पेटीत होत्याच. सहावीची खाच तेवढी रिकामी राहिली. ती गाडी अजून त्याच्या डाव्या मुठीत होती. त्याने मूठ उघडली. त्याने लावलेला चिखल आणि खरा चिखल एकमेकांत मिसळले होते, आणि कुठला कुठे संपतो ते आता त्यालाही सांगता आलं नसतं. झाकणातल्या माणसाच्या तोंडावर वाळूचे चार कण होते.

तो गाडीकडे बघत राहिला. आणि मग सवयच ती. त्याचा उजवा हात आपसूक खिशात गेला, आणि खिशातला मऊ कपडा बाहेर आला.

दफेदारांनी त्याचं मनगट धरलं.

“पुसू नकोस,” ते म्हणाले. “…लढाई तेवढीच होती.”