टाकीकडची रेघ

"लावू द्यायचं का नाही, तेवढं एका शब्दात सांगा, चाचा."

दस्तगीर चाचांनी सुतळीचा गुंडा संयोगिताच्या हातात दिला.

"धर. ऊन उतरायच्या आत कोर्ट आखून हुईल."

प्रश्न नावाचा होता. जिमखान्याचं हे शेणानं सारवलेलं जुनं टेनिस कोर्ट परवा जेसीबी लावून उकरणार होते. त्या जागी निळं, रबरी कोर्ट होणार आणि त्याला संयोगिता माळगे हिचं नाव देऊन तसा कोरीव दगड बसवणार, असं कमिटीनं ठरवलं होतं. उद्या तिचा सत्कार, आणि सत्काराआधी जुन्या कोर्टावर शेवटची एक मॅच.

संयोगिता पस्तीस वर्षांची. अठरा वर्षं जगभर टेनिस खेळून गेल्या महिन्यात थांबली. टेनिसमध्ये निवृत्तीचा निर्णय गुडघा घेतो, खेळाडू तो फक्त जाहीर करतो. तिचा डावा गुडघा दोनदा उघडून शिवलेला होता.

एके काळी ती जगात एकशे त्रेचाळिसावी होती. त्याच्या वर ती कधी गेली नाही. हा आकडा ऐकून कुणी नाक मुरडलं, तर त्यानं आपल्या धंद्यात आपण जगात कितवे, हे एकदा मोजून बघावं.

आणि दस्तगीर चाचा म्हणजे जिमखान्याचे मार्कर. मेंबरांना खेळवायचं, नेट बांधायचं, कोर्ट राखायचं, ही नोकरी. आता वय अठ्ठ्याहत्तर. नोकरी कधीच संपली, पण कोर्ट आखायला अजून तेच यायचे. दुसऱ्यानं आखलेली रेघ त्यांना वाकडीच दिसायची.

संयोगिताला खेळ शिकवला तो यांनी. तिचे वडील जिमखान्याचं कॅंटीन चालवायचे. पोर भिंतीवर बसून भजी खात खेळ बघायची. एका मेंबरानं टाकून दिलेल्या लाकडी रॅकेटची मूठ चाचांनी करवतीनं चार बोटं कापली आणि रॅकेट तिच्या हातात दिली. तेव्हा ती आठ वर्षांची होती.

"उद्या समोर कोण खेळणार?" चाचांनी विचारलं.

"ठरलं नाही. अध्यक्ष म्हणाले, तुम्हाला हवं त्याला बोलवा."

"मग?"

"...कुणी सुचत नाही."

चाचा टाकीच्या सावलीत उपड्या डब्यावर बसले. पाण्याची ती उंच टाकी कोर्टाला लागूनच होती. म्हणून त्या बाजूच्या रेघेला सगळे टाकीकडची रेघ म्हणायचे.

"दगडावर काय लिवलंय?"

चाचांना अक्षरं येत नव्हती. आकडे येत. म्हणून संयोगिता परदेशातून त्यांना कार्ड पाठवायची, त्यावर फक्त स्कोअर लिहायची. सहा-चार, सहा-तीन. कधी हरल्याचा स्कोअर. ताश्कंदहून, अंताल्याहून, नाव उच्चारता येत नाही अशा चिनी गावांहून. चाचांनी ती सगळी कार्डं चेंडूंच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवली होती. अकरा डबे झाले होते.

तिनं पर्समधून कागद काढला आणि वाचायला लागली.

"आंतरराष्ट्रीय टेनिसपटू कुमारी संयोगिता भूपाल माळगे. जागतिक क्रमवारीत... सात विजेतेपदं... रेषेच्या दोन बोटं आत पडणाऱ्या बॅकहँडसाठी जगभर ख्याती..."

"हां. पुढं?"

"याच मैदानावर वयाच्या पंधराव्या वर्षी..."

ती थांबली.

"याच मैदानावर काय?"

"...जिल्हा अजिंक्यपद जिंकून कारकिर्दीस प्रारंभ."

कागदाची घडी तिनं जरा जास्तच घट्ट घातली. चाचा टाकीकडे बघत होते.

"बॅकहँडचं बरोबर लिवलंय," ते म्हणाले.

तिला बरं वाटलं. हा विषय तिच्या अभिमानाचा होता. "उद्या भाषणात मी तेच सांगणार आहे. त्या फायनलनंतर चाचांनी मला महिनाभर रडवलं. टाकीकडच्या रेघेवर पडणारा माझा चेंडू अचानक बाहेर पडायला लागला, आणि चाचा आऊट द्यायचे. मला वाटायचं, माझं काहीतरी बिघडलंय. रोज दोनशे बॅकहँड मारले, दोन वर्षं. तेव्हा कुठं आत पडायला लागले."

"आणि?"

"आणि मग जगात कुठंही गेले तरी तो चेंडू आतच पडला. बाकी सगळं हललं. सर्व्हिस गेली, गुडघा गेला. बॅकहँड राहिला."

ती सांगत होती आणि डोळ्यांपुढं ते दिवस येत होते. सकाळचं ओलं शेण. हातांना लागलेला चुना. कॅंटीनच्या खिडकीतून अण्णांची, वडिलांची, हाक. पुढं अठरा वर्षं हॉटेलच्या बाथरूममध्ये कपडे धुतले, रात्र रात्र विमानतळांवर बसून काढली, बॅगेतल्या भाजणीच्या पिठावर दिवस ढकलले. पण टेनिस म्हटलं की तिला अजून शेणाचाच वास यायचा.

"बघ, खिळा काढ," चाचा म्हणाले. "टाकीकडच्या रेघेचा. एकेरीचा."

कोर्टाच्या कोपऱ्यांत जमिनीत खिळे ठोकलेले असतात. वरून सारवलं की ते झाकले जातात. आखताना उकरून काढायचे, दोन टोकांच्या खिळ्यांना सुतळी ताणून बांधायची आणि तिच्या कडेनं चुन्याचा कुंचा ओढायचा. हे काम संयोगितानं लहानपणी शंभरदा केलं होतं.

गुडघा सांभाळत ती खाली बसली. खुरप्यानं शेण खरवडलं. खिळ्याचं डोकं चकाकलं.

"सापडला."

"आनी जरा भाईर उकर."

"सापडला की, चाचा."

"उकर म्हन्तो न्हवं."

तिनं आणखी खरवडलं. दोन बोटं बाहेर खुरपं पुन्हा कशावर तरी अडलं. दुसरा खिळा. गंजून काळा पडलेला.

"हा कशाचा?"

"त्यो मूळचा. क्लब बांधला तवापासनं."

"मग हा आतला?"

टाकीतून पाणी ठिबकत होतं, तेवढा आवाज.

"चाचा... हा आतला कधी ठोकला?"

"तुझ्या फायनलच्या दुसऱ्या दिशी. त्या टोकालाबी एक हाय."

तिनं खुरपं खाली ठेवलं.

वीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. क्लबातली मंडळी दुहेरी खेळणारी, त्यांना एकेरीच्या रेघेशी देणंघेणं नव्हतं. आणि जे एकेरी खेळत, त्यांचे चेंडू रेघेच्या जवळपास कधी फिरकलेच नाहीत.

"म्हणजे माझे चेंडू आत पडत होते," ती हळू म्हणाली. "तेव्हा. महिनाभर. रेघेवर पडत होते आणि तुम्ही..."

"मूळच्या रेघेवर पडत हुते."

"मी रडत होते, चाचा. घरी जाऊन उशीत तोंड घालून रडत होते. जेवले नाही किती दिवस. अण्णा तुमच्याशी भांडायला निघाले होते."

"आले हुते. भांडून गेले."

"आणि जगभर जो बॅकहँड म्हणून मी मिरवला..."

"बॅकहँड तुझाच. रेघ तेवढी माझी."

तिला राग आला होता. तो कुणाचा, हे मात्र तिला कळेना. ती उठायला गेली, पण गुडघा उठेना.

"का?" तिनं विचारलं.

"तुला ठावं हाय."

...

ठाऊक होतं.

फायनल साताऱ्याच्या अबोली क्षीरसागरशी होती. दोन वेण्या, पायात कुणाचे तरी मागून आणलेले मोठे बूट. जिंकेल तिला पुण्याच्या शिबिरात जागा मिळणार होती, आणि जागा एकच होती. शेवटच्या सेटमध्ये संयोगिताला जिंकायला एकच गुण हवा होता. अबोलीनं मारलेला चेंडू टाकीकडच्या रेघेपाशी, अगदी कोपऱ्यात पडला. जिल्ह्याच्या स्पर्धेत रेघेवर पंच नसायचे. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत का बाहेर, हे आपणच सांगायचं, असा रिवाज होता.

संयोगितानं सांगितलं, "आऊट."

आत म्हटलं असतं तर ड्यूस झाला असता, म्हणजे दोघींची बरोबरी, आणि खेळ पुढं चालला असता. आऊट म्हटल्यावर मॅच संपली.

अबोली म्हणाली, "खूण दाखव ना."

शेणाच्या कोर्टावर चेंडूची खूण उमटते. पण अबोली नेटपर्यंत येईतो तिथं बुटानं पुसल्याचा एक डाग तेवढा होता. अबोलीनं तो बघितला. मग संयोगिताकडे बघितलं. मग हात पुढं केला.

"तुम्ही बघितलात?" संयोगितानं आता विचारलं.

"चेंडू? न्हाई. मी पलीकडं हुतो, कॅंटीनपाशी. सांजच्याला कोर्ट झाडाय आलो. सगळीकडं पळाल्याच्या खुना, घसरल्याच्या खुना. हितं एकच खून येगळी. टाच रोवून पाय फिरवलेला." चाचांनी आपला पाय जमिनीवर सावकाश फिरवून दाखवला. "चेंडू मारताना पाय असा फिरत न्हाई, बाळ."

"मग तेव्हाच विचारायचं होतं. चार थोबाडीत द्यायच्या होत्या."

"विचारून सांगितलेलं कशाला पायजे? तू आऊट म्हन्लीस, मग मी रेघ तुझ्या शब्दापरमानं आत घेतली."

"पण मी गेल्यावर तरी रेघ जागेवर न्यायची. अठरा वर्षं झाली मला जाऊन."

"तू सांगितलं नव्हतंस अजून."

टाकीची सावली सरकत कोर्टाच्या मधोमध आली.

"बाहेर होता तो," ती म्हणाली. "मला वाटतं, जरासा बाहेरच होता."

हे वाक्य ती वीस वर्षं स्वतःला ऐकवत आली होती. विमानात, दवाखान्यात भूल उतरताना, सामना हरल्यावर आणि जिंकल्यावर जास्त. इतक्यांदा म्हटल्यावर एखाद्या गोष्टीवर विश्वास बसायला हवा होता. बसला नव्हता.

चाचांनी मान हलवली. तिचं खरं का खोटं, ते त्यातून कळलं नाही.

"सुतळी बांध," ते म्हणाले.

"कुठल्या खिळ्याला?"

"त्ये मी कसं सांगू? चेंडू तू बघितलास."

तिनं सुतळीचं टोक हातात घेतलं. आतला खिळा चकाकत होता, रोजच्या वापरातला. त्याला बांधायची तिच्या बोटांना सवय होती. सतराव्या वर्षी गाव सोडलं, त्या सकाळीसुद्धा तिनं सुतळी याच खिळ्याला बांधली होती, काही माहीत नसताना.

तिनं ते टोक आतल्या खिळ्यापाशी नेलं आणि परत मागं घेतलं.

मग तिनं बाहेरच्या खिळ्याभोवती अडकलेली माती नखानं उकरली. गंज बोटांना लागला. सुतळीचे दोन वेढे दिले आणि गाठ मारली.

चाचा डब्यावरून उठले. दुसऱ्या टोकाला गेले, वाकून तिथला बाहेरचा खिळा स्वतः उकरला आणि सुतळी ताणली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्यांनी ताणलेल्या सुतळीला झोळ नव्हता.

तिनं चुन्यात कुंचा बुडवला. एक एक हात पुढं सरकत रेघ ओढायला लागली. गुडघा दुखत होता. वीस वर्षांपूर्वी चेंडू पडला होता तो कोपरा आला, तेव्हा तिचा हात थांबला.

"चुना उडाला होता, चाचा."

...

तिनं त्या जागी बोट ठेवलं. "चेंडू पडला आणि चुना उडाला. मी बघितलं. माझ्या बुटावर पण उडाला होता. रेघेवर होता तो. आतच होता."

तिचे डोळे भरून आले होते, तरी आवाज साफ होता. खूप वर्षांनी इतका साफ आला होता.

चाचा तिच्याजवळ येऊन उकिडवे बसले. तिच्या हातातला कुंचा घेतला आणि राहिलेली हातभर रेघ स्वतः ओढली. ओला चुना हळूहळू पांढरा पडायला लागला.

"तुझी समदी कार्डं हायत माझ्यापाशी," ते म्हणाले. "सगळे स्कोअर हायत. त्या एका मॅचचा तेवढा मला बरोबर कळला नव्हता."

तिनं हाताला लागलेला चुना झटकला.

"ती साताऱ्याची पोर. कुठं असती आता?"

"साताऱ्यातच. शाळेत मुलींना खेळ शिकवते." जरा थांबून ती म्हणाली, "फोन नंबर आहे माझ्याकडं. सहा वर्षं झाली मिळवून. लावला नाही कधी."

"हं."

"दगडावरचं ते वाक्य काढायला सांगते, चाचा. आणि नावाचं तुम्ही म्हणाल तसं. पण सांगा एकदा. मी काय करू?"

चाचांनी चुन्याचे हात धोतराला पुसले. नव्या रेघेकडे एक डोळा मिटून बघितलं. सरळ होती.

"चेंडू आत म्हन्तीस. मग स्कोअर काय झाला?"

"...ड्यूस."

"मग मॅच कुठं संपलीया?"